वाचता येतं, पण कळत नाही : मुलांना वाचून का दाखवायचं?

‘असर’चा, म्हणजे मुलांना वाचता आणि गणितं करता येतात का हे गावोगावी तपासणाऱ्या पाहणीचा, अहवाल आला की वर्तमानपत्रांत दर वेळी तोच मथळा झळकतो : पाचवीच्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येईना. २८ जानेवारी २०२५ ला आलेल्या ‘असर २०२४’ नुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, म्हणजे कोविडनंतर शाळा उघडल्यावर, हेच प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण चारांतली तीन मुलं अजून मागेच आहेत.

मथळा आला की शाळांना फर्मान सुटतं. अक्षरगट, शब्दपट्ट्या, जोडाक्षरांचे तक्ते, इतक्या दिवसांचा अमुक उपक्रम, तितक्या आठवड्यांचं तमुक अभियान. यातलं बरंचसं गरजेचं आहे. मात्र वर्गावर शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, दुसरी एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘वाचतो छान, पण विचारलं की गप्प.’ मूल धडा घडाघडा म्हणून दाखवतं, एका जोडाक्षरालाही अडखळत नाही. आणि धड्यात काय झालं म्हणाल तर पहिलं वाक्य पुन्हा वाचून दाखवतं. ही मुलं कुठल्याच टक्केवारीत नीट दिसत नाहीत. ‘असर’च्या वाचनचाचणीत मुख्यतः मूल न अडखळता वाचतं का हे बघतात, त्यामुळे तिथे तर ती पास होतात.

या दुखण्यावरचा एक उपाय इतका साधा आहे की तो ऐकून लोक नाक मुरडतात. शिक्षकानं रोज थोडा वेळ मुलांना चांगलं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्याबद्दल मुलांशी बोलायचं. एवढंच? त्यानं काय होणार? बरंच होतं, आणि काही गोष्टी अजिबात होत नाहीत. दोन्ही समजून घेऊ.

वाचन म्हणजे एक काम नव्हे, दोन

कधी सातबारा हातात घेऊन बघा. ‘भोगवटादार वर्ग-२’, ‘पोटखराब’, ‘आकारणी’, ‘फेरफार’. पुण्यामुंबईत वाढलेला पदवीधर हे शब्द एका दमात वाचेल. पण भोगवटादार वर्ग-२ म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय सहसा विकता न येणारी जमीन, आणि पोटखराब म्हणजे त्याच गटातला लागवडीला न येणारा तुकडा, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. गावातला एखादा म्हातारा शेतकरी ते अक्षर अक्षर लावत वाचेल किंवा नातवाकडून वाचून घेईल, पण ऐकता ऐकता त्याचं डोकं पुढे धावत असेल : ‘म्हणजे हा तुकडा विकता यायचा नाही!’

यातलं वाचता कुणाला आलं? दोघांनाही अर्धं अर्धं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये हेच एका सूत्रात मांडलं. कागदावरच्या खुणांचे आवाज करणं, याला आपण उकल म्हणू. ती भाषा ऐकली असती तर समजली असती का, याला आकलन म्हणू. त्यांचं म्हणणं, वाचून समजणं म्हणजे उकल गुणिले आकलन. बेरीज नाही, गुणाकार. त्यामुळे उकल शून्य असेल तर भाषा कितीही समृद्ध असो, पुस्तक बंदच राहतं; आणि उकल शंभर टक्के पण भाषा शून्य असेल तरी उत्तर शून्यच. सूत्र फारच सोपं आहे, त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण वर्गातलं चित्र समजून घ्यायला ते अजूनही उपयोगी पडतं.

आपल्याकडे गोष्ट थोडी फसवी होते, कारण मराठीची लिपी बऱ्यापैकी सरळ आहे. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’चे दोन दोन उच्चार, ऱ्हस्वदीर्घाच्या खोड्या, रफाराचे घोटाळे एवढे सोडले तर लिहिलं तसं वाचायचं. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा बसली की मूल काहीही वाचू शकतं, अगदी न कळणारंसुद्धा. इंग्रजीत अनोळखी शब्द वाचताना मूल बऱ्याचदा अडतं, त्यामुळे न कळल्याची चुगली तिथे लवकर होते. मराठीत ती होतच नाही. आवाज येत राहतो, पालक खूश, साहेब खूश.

उकल शिकेपर्यंत भाषा कुठून येणार?

मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला गोष्ट ऐकून समजत असते, वाचून समजत नसते. हे अंतर लवकर मिटत नाही. थॉमस स्टिच्ट आणि जेम्स यांनी १९८४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा असं दिसलं की साधारण आठवीपर्यंत मुलांचं ऐकून समजणं वाचून समजण्याच्या पुढेच असतं. तिसरीतलं मूल स्वतः वाचेल ती गोष्ट चार ओळींची, ‘कमल जल भर’च्या चुलतभावंडांची. ऐकून मात्र ते कितीतरी गुंतागुंतीची गोष्ट पचवू शकतं.

याचा अर्थ असा, की स्वतः वाचण्यावरच थांबलो तर मुलाच्या डोक्याला तीनचार वर्षं त्याच्या कुवतीपेक्षा फार हलका खुराक मिळतो. वाचून दाखवलं तर उकल आपल्या गतीनं शिकता शिकता आकलनाची वाढ थांबत नाही. या लेखातला मुख्य मुद्दा म्हणाल तर हाच.

बोलतो ती मराठी आणि पुस्तकातली मराठी

‘मग मुलांशी भरपूर बोला की, वाचायलाच कशाला हवं?’ बोलावंच. पण बोलण्यात एक उणीव राहते. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीत मोजदाद केली होती. महाविद्यालयात शिकलेली मोठी माणसं आपसांत बोलतात तेव्हा हजार शब्दांत साधारण १७ शब्द कमी वापरातले निघतात. मुलांच्या पुस्तकांत तेच ३१ च्या आसपास. म्हणजे शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांपेक्षा पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकात अनोळखी शब्द जास्त! आकडे इंग्रजीचे आहेत, मराठीला जसेच्या तसे चिकटवू नयेत. पण स्वैपाकघरात ‘हिरमुसला’, ‘निबिड’, ‘कावराबावरा’, ‘तथापि’ हे शब्द दिवसातून किती वेळा येतात ते आपलं आपण आठवून बघावं.

आणि प्रश्न शब्दांचाच नाही. वाक्याचा घाट वेगळा असतो. आपण बोलताना म्हणतो, ‘एक माणूस आला, पार भिजला होता, दारातच थांबला, आई त्याच्याकडे बघायला लागली.’ पुस्तक म्हणतं, ‘पावसात भिजून आलेल्या आणि दाराशीच घुटमळणाऱ्या त्या माणसाकडे आई बघत राहिली.’ इथे माणूस येईपर्यंत त्याची सगळी विशेषणं डोक्यात धरून ठेवावी लागतात, आणि बघणारं कोण ते तर शेवटाकडे कळतं. असली वाक्यं ज्यानं पुष्कळ ऐकलीत त्याला ती जड जात नाहीत. ज्यानं कधीच ऐकली नाहीत, त्याच्यासाठी ती सुट्या शब्दांची रास होते. मोठ्यानं वाचणारा माणूस ‘माणसाकडे’नंतर किंचित थांबतो, आवाज टेकवतो, त्या थांबण्यातून वाक्याचे जोड दिसतात. डोळ्यानं चाचपडत वाचणाऱ्या मुलाला ही मदत मिळत नाही.

आपल्या मुलखाला हे नवीन नाही. श्रावणात पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकणाऱ्या पन्नास, त्यातल्या कित्येकींना सहीपुरतीही अक्षरओळख नाही. वाचणारा ओवी म्हणायचा, मग थांबून तिचा अर्थ लावायचा, घरातला एखादा दाखला द्यायचा आणि पुढची ओवी घ्यायचा. ऐकणाऱ्या बायका शेकडो वर्षांपूर्वीची मराठी समजून घ्यायच्या, तिच्यावर वाद घालायच्या. वर्गात वाचून दाखवणं हे त्या वाचन-निरूपणासारखंच काम आहे; फरक इतकाच, की निरूपणाचा मोठा वाटा इथे मुलांनी करायचा असतो.

माहिती असेल तर वाचन सोपं होतं

सातबाऱ्याच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली होती. त्या शेतकऱ्याला जमिनीची माहिती होती. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. सातवी-आठवीतली ६४ मुलं घेतली : काही वाचनात हुशार, काही कच्ची, काहींना बेसबॉल चांगला माहीत, काहींना नाही. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि काय झालं ते मांडायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

तेव्हा ‘वाचून दाखवणं’ म्हणजे फक्त कोल्हा आणि द्राक्षं असं समजू नये. मधमाश्या, किल्ले, भूकंप, रेल्वे कशी धावते, दुष्काळात गुरांच्या छावण्या कशा चालतात, हेही वाचून दाखवावं. आज ऐकलेल्या माहितीवर उद्याचं वाचन उभं राहतं.

वर्गात सध्या काय चालतं?

मराठी अध्यापनात शब्द ठरलेले आहेत. शिक्षक आधी ‘आदर्श वाचन’ करतो, मुलं मागोमाग म्हणतात ते ‘अनुवाचन’, मग एकेक मूल उभं राहून ‘प्रकट वाचन’ करतं आणि शेवटी ‘मूकवाचन’. शिक्षकाच्या टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, हे चारही असतात. पण आदर्श वाचनाचा हेतू बहुधा उच्चार आणि विरामचिन्हं दाखवण्याचा असतो, आणि वाचायचा तो धडाच, जो पुढे चार दिवस घोटायचा आहे. प्रकट वाचनात तर वेगळीच गंमत. ‘पुढचा परिच्छेद तू’ असं क्रमानं चाललं की मागच्या बाकावरचा मुलगा बोटं मोजून आपला परिच्छेद कोणता ते शोधतो, तोच मनात घोकत बसतो आणि आपली पाळी झाली की सुटकेचा श्वास टाकतो. आधीचं त्यानं ऐकलेलं नसतं, नंतरचं ऐकणार नसतो. अडखळणाऱ्या मुलीचं हसं होतं ते निराळंच.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये, मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तीन वर्षं माग घेणारा एक अभ्यास झाला होता. त्याचा अहवाल २०१७ चा आहे. वर्गाचा बहुतेक वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, मजकुराच्या अर्थावर बोलणं फार थोडं होतं, हे त्यात ठळकपणे आलं. वर्गात बसणाऱ्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

एक परिच्छेद जवळून

समजा चौथीचा वर्ग आहे आणि बाई वाचतायत :

‘पाऊस थांबला तसं आजोबांनी खुंटीवरचं घोंगडं काढलं. दारापर्यंत गेले. मग परत फिरले, घोंगडं होतं तिथं टांगलं आणि ओसरीवर बसून राहिले. वहाणा मात्र पायांतच होत्या. “बाजाराला जायचं होतं ना?” आजीनं आतून विचारलं. “बैल विकायचाय,” आजोबा म्हणाले, “कांदे नव्हेत.”’

थांबायचं कुठे? ‘घोंगडं’ आणि ‘ओसरी’ मुलांना माहीत नसतील तर वाचता वाचता एका वाक्यात सांगून टाकावं : ओसरी, म्हणजे घराच्या पुढची बसायची जागा. लगेच पुढे. ‘ओसरी शब्दाचा वाक्यात उपयोग करा’ हे तिथे काढलं की गोष्ट मेली. पण शब्द सांगायचाच नाही, मुलं संदर्भानं घेतील, असं म्हणणंही खरं नाही. न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी १९८९ मध्ये तपासलं, तेव्हा तीनदा नुसती गोष्ट ऐकून मुलांना त्यातले साधारण १५ टक्के नवे शब्द आले. वाचताना शिक्षकानं अर्थ सांगितला तर हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत गेलं.

पहिला खरा थांबा ‘वहाणा पायांतच होत्या’ इथे. विचारायचं, ‘आजोबांना जायचंय की नाही?’ एक म्हणेल जायचंय, वहाणा काढल्या नाहीत ना. दुसरी म्हणेल नाही, घोंगडं ठेवून दिलं की. दोघांकडे पुरावा आहे, आणि तो गोष्टीतलाच आहे. बाईंनी निकाल देऊ नये. ‘बरं, बघू’ म्हणून वाचत राहावं. दुसरा थांबा शेवटी : ‘आजोबांनी कांद्याचं नाव का काढलं?’ इथे वर्ग जरा वेळ गप्प होतो. होऊ द्यावा. मग कुणीतरी म्हणतं, ‘कांदे विकले तर वाईट वाटत नाही.’ आजोबांना वाईट वाटलं असं मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही. ते मुलानं काढलं. लिहिलेल्यातून न लिहिलेलं काढणं, आकलन म्हणतात ते बहुतांशी हेच.

आता याच जागी हमखास होणारी गडबड बघा. बाई विचारतात, ‘तुमच्यापैकी कुणाच्या घरी बैल आहे?’ झालं. वीस हात वर, एकाच्या बैलानं मामाला कसं मारलं होतं ते सुरू होतं, दुसऱ्याकडे आता ट्रॅक्टर आलाय, पाच मिनिटं सरतात आणि ओसरीवरचे आजोबा कुणाच्या ध्यानातच राहत नाहीत. इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिऑन यांनी २००१ मध्ये नेमकं हेच मांडलं : मुलं उत्तरं चित्रावरून किंवा स्वतःच्या अनुभवावरून देतात आणि मजकूर बाजूला राहतो, म्हणून प्रश्न असा हवा की उत्तरासाठी मजकुराकडेच वळावं लागेल. ‘आजोबा कुठे बसले?’ हाही तसा फुकटचा प्रश्न, एका शब्दात संपणारा. ‘इथे काय चाललंय?’, ‘ते असं का म्हणाले?’ यांना मुलांना वाक्यंच्या वाक्यं बोलावी लागतात. अगदी लहान मुलांनाही असं बोलतं करत वाचलं तर त्यांची भाषा वाढते, हे ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी अमेरिकेत १९८८ मध्येच दाखवून दिलं होतं.

दहाबारा मिनिटांच्या वाचनाला दोन किंवा तीन थांबे पुष्कळ झाले. माझं मत विचाराल तर कमी थांबण्यापेक्षा जास्त थांबण्यानं नुकसान अधिक होतं. दर ओळीला प्रश्न विचारणारा शिक्षक गोष्टीचं प्रश्नपत्रिकेत रूपांतर करतो.

‘आपणच वाचत बसलो तर मुलं स्वतः कधी वाचणार?’

ही शंका रास्त आहे. नुसतं ऐकून मूल अक्षरं शिकत नाही. कॅनडात मेरी अॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये वाचून दाखवताना लहान मुलांचे डोळे कुठे असतात ते उपकरणानं टिपलं. डोळे चित्रांवर होते, अक्षरांकडे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे ‘रोज गोष्टी वाचा, मूल आपोआप वाचायला लागेल’ हा सल्ला सदिच्छेचा असला तरी अपुरा आहे. अक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं नीट, क्रमानं शिकवावीच लागतात. त्याला पळवाट नाही.

पण गुणाकार विसरू नका. उकलीचा तास आणि वाचून दाखवण्याची दहा मिनिटं एकमेकांच्या जागी बसत नाहीत, दोन्ही लागतात. वाचून दाखवलेलं पुस्तक वर्गात हाताला येईल असं ठेवलं, तर मुलं तेच आधी उचलतात, कारण आत काय आहे ते माहीत असतं, त्यामुळे वाचताना अडणं कमी होतं. ज्या शाळांत पुस्तकं कुलपात असतात (खराब होतील म्हणून!) तिथे हा फायदा बुडतो.

‘वेळ कुठे आहे?’

खरंच नाही. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, प्रशिक्षणं आणि उरल्या वेळात अभ्यासक्रम. तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं तेच तिसरीपर्यंतच्या मुलाला समजून वाचता यावं यासाठी. समजून हा शब्द त्या उद्दिष्टातलाच आहे. तेव्हा दहा मिनिटं वाचून दाखवणं हे वेळापत्रकाबाहेरचं लाड नव्हे, मागितलेलंच काम आहे.

दुसरी गोष्ट छोट्या शाळांसाठी. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असली की दोन शिक्षक. वाड्यावस्त्यांवर म्हणूनच एका शिक्षकाकडे दोनतीन वर्ग एकत्र असतात. तिथे गणित शिकवायचं तर प्रत्येक इयत्तेला वेगळं काम द्यावं लागतं. गोष्ट मात्र सगळ्यांना एकदम ऐकवता येते. दुसरीतलं पोर त्यातली घटना पकडतं, चौथीतलं आजोबांच्या मनातलं ओळखतं, आणि दुसरीतलं ते ओळखणं ऐकतं. बहुवर्ग अध्यापनात इतकं सोयीचं दुसरं फार थोडं आहे.

‘आठवी-नववीच्या घोड्यांना गोष्टी वाचून दाखवायच्या?’

हो, आणि जरा अवघड गोष्टी. इंग्लंडच्या दक्षिण भागात ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वीस शिक्षकांबरोबर एक प्रयोग केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बारातेरा वर्षांच्या मुलांना बारा आठवड्यांत दोन आव्हानात्मक कादंबऱ्या एकामागून एक, बऱ्यापैकी वेगानं, वर्गात मोठ्यानं वाचून दाखवल्या. धड्यागणिक स्वाध्याय नाही, उतारे तोडणं नाही. मुलांच्या आकलनात सरासरी साडेआठ महिन्यांइतकी प्रगती झाली आणि कच्च्या वाचकांत सोळा महिन्यांइतकी. प्रयोग लहान आहे, त्यावर लगेच धोरण आखू नये. पण कच्च्या मुलांना अधिक फायदा होणं सयुक्तिक वाटतं; एरवी त्यांच्या हाती सोपे, तुटक उतारेच पडतात, अख्खी गोष्ट त्यांना मिळतच नाही.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकात कादंबरीचा दीड पानी तुकडा येतो, खाली लेखकपरिचय आणि ‘आकृतिबंध पूर्ण करा’. त्या तुकड्याच्या मागचंपुढचं प्रकरण एखाद्या शनिवारी वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. मोठ्या मुलांबाबत एवढंच पथ्य, की वाचन नाटकी करू नये. आवाज बदलून म्हातारीचा संवाद म्हटला की पहिलीतली मुलं खूश होतात, नववीतली एकमेकांकडे बघून हसतात.

‘मोबाइलवर गोष्टींचा खजिना आहे, तो लावला तर?’

लावा, काही वाईट नाही. प्रवासात, रात्री झोपताना, शिक्षक रजेवर असताना उपयोग होतोच. ऐकण्यातून शब्द आणि वाक्यांचे घाट तिथूनही कानावर पडतात. पण रेकॉर्डिंगला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. ‘कांदे नव्हेत’ म्हटल्यावर वर्ग कोरा राहिला तर ते मागे फिरून तीच ओळ हळू वाचत नाही आणि ‘ते असं का म्हणाले?’ असं विचारून वाटही बघत नाही. आणि मुलं गप्प बसावीत म्हणून गोष्ट लावली तर बोलणं मुळातच बाद होतं.

‘घरची भाषा मराठी नसेल तर?’

मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या सातपुड्यात पावरी आणि भिली, गडचिरोलीत गोंडी. त्या मुलांना पहिलीच्या पुस्तकाची मराठी जवळजवळ परकीच असते, आणि ‘कमळ’, ‘छत्री’ असे सुटे शब्द गिरवून ती आपली होत नाही. या बाबतीत फिजीचा दाखला बोलका आहे. तिथल्या खेड्यांतल्या मुलांच्या घरी फिजियन किंवा हिंदी, शाळेत इंग्रजी. १९८० च्या सुमारास एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी काही शाळांत वर्गागणिक सुमारे अडीचशे गोष्टीची पुस्तकं पुरवली. काही वर्गांत शिक्षक ती मुलांबरोबर मोठ्यानं वाचत आणि त्यावर बोलत, काहींत मुलं आपापली वाचत. नेहमीच्या पुस्तकी पद्धतीच्या वर्गांपेक्षा या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्याची वाढ दुपटीच्या घरात गेली.

आपल्या शाळांत याला एक जोड द्यावी : गोष्टीचा गाभा आधी मुलांच्या भाषेत सांगावा, शिक्षकाला येत नसेल तर अंगणवाडीताईंना किंवा मोठ्या वर्गातल्या मुलीला सांगायला लावावं, मग मराठी पुस्तक वाचावं. बोलताना मुलांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावं. कोरकूत दिलेलं बरोबर उत्तर हेही आकलनच. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम करते. त्यात कलाकार आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टी सादर करतात आणि मुलांना पुस्तकापर्यंत नेतात. अभिनय बघून गोष्ट कळलेली असली की तिची अनोळखी मराठी मुलांना तितकीशी अडवत नाही.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे उलट्या बाजूनं लागू आहे. इंग्रजी सुधारावं म्हणून घरी मोडकीतोडकी इंग्रजी बोलण्यापेक्षा आईबाबांनी भरघोस मराठी वाचून दाखवावं. काय का घडलं ते ओळखणं, पुढचं ताडणं, न लिहिलेलं समजणं या सवयी भाषेभाषेत अडकून पडत नाहीत.

काय वाचायचं, कुठून आणायचं?

मूल स्वतः वाचू शकेल त्याच्या दोनएक इयत्ता पुढचं पुस्तक निवडावं; तेवढंच सोपं असेल तर ते त्याला स्वतःला वाचू द्यावं. बोधकथा टाळलेल्या बऱ्या. त्यात शेवटी तात्पर्य छापलेलं असतं, मुलांनी काढायला काही उरत नाही. आजोबा बैल विकतात की नाही हे न सांगता संपणारी गोष्ट वर्गाला आठवडाभर पुरते.

पैशाची अडचण आता पूर्वीइतकी नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर शेकडो मराठी चित्रपुस्तकं पातळ्या लावून ठेवलेली आहेत. ती उतरवून घेता येतात, छापता येतात. अनुवाद सगळेच चांगले नाहीत, काही वाक्यं वाचताना दाताखाली खडा येतो. म्हणून पुस्तक वर्गात नेण्याआधी एकदा स्वतःशी मोठ्यानं वाचून बघावं. जीभ अडते तिथे शब्द बदलून घ्यावा, आणि थांबायच्या दोन जागांवर समासात पेन्सिलीनं खूण करून ठेवावी. आयत्या वेळी सुचलेला प्रश्न बहुतेक वेळा ‘कुणाच्या घरी बैल आहे?’ हाच निघतो.